कामठ्याची कन्हार

कामठ्याचे नाव इतिहासात येते ते १८१८ सालच्या एका प्रसंगामुळे. आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, त्यांच्या बाजूने कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल उठला, कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याची गढी हल्ला करून घेतली आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. हा चार ओळींचा मजकूर या भागावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने उतरवून घेतला आहे. मीही आत्ता तेच केले. पण गढीवरचे भांडण काही गढीच्या दगडविटांसाठी नव्हते. भोवतालच्या धानाच्या बांध्यांचा सारा कुणाच्या घरी जायचा, याचे ते भांडण होते. त्या बांध्यांतल्या मातीचा इतिहास लिहावा असे मात्र फारसे कुणाला वाटले नाही. मलाही वाटले नसते, जर आमच्या हातून एक चूक झाली नसती.

गोंदिया तालुक्यात कामठ्याच्या बाजूला आमच्या घराण्याची थोडी शेती आहे. त्यातल्या अगदी सखल भागातल्या तीन बांध्या कन्हार. कन्हार म्हणजे काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा शब्द नवा वाटेल. छत्तीसगडात मात्र तो याच अर्थाने घरोघर चालतो. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या मनात आले की या तीन बांध्यांचे मधले धुरे काढून एकच मोठी बांधी करावी, म्हणजे ट्रॅक्टर सहज फिरेल. मीही होकार दिला. यंत्र आले, दोन दिवसांत वरच्या बांधीची हातभर माती खालच्या बांधीत गेली, सगळे सपाट झाले. आमच्याकडे पिढीजात राबणारे एक वृद्ध गृहस्थ धुऱ्यावर उभे राहून हे पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "कन्हारीले खालून उकरू नोका, भाऊ. थे रुसते."

ती रुसली. पुढच्या खरिपात रोवणी झाल्यावर तीन आठवड्यांत, जिथली माती खरवडून काढली होती नेमक्या त्या पट्ट्यात, धानाच्या पानांवर काथाच्या रंगाचे डाग आले आणि रोपे खुरटली. बाकीच्या बांधीत धान हिरवेगार. मातीची तपासणी करून घेतली. पट्ट्यातल्या मातीचा सामू बाकीच्या बांधीपेक्षा चांगलाच वर होता. सामू म्हणजे माती आम्ल आहे की विम्ल हे सांगणारा आकडा. सात हा मध्य, त्याच्या वर विम्ल. शिवाय जस्त कमी, चुनखडी भरपूर. हा कागद हातात आला तेव्हा मला प्रश्न पडला तो असा, की त्या गृहस्थांना हे आधी कसे ठाऊक होते? त्यांनी सामू हा शब्दही ऐकलेला नव्हता. त्यांच्याजवळ होता तो फक्त 'कन्हार' हा शब्द. मग त्या शब्दात नेमके काय काय साठवलेले आहे?

आमच्या भागात जमिनीची नावे क्रमाने घेतात, आणि हा क्रम उताराचा आहे. वरच्या अंगाला बर्डी: मुरमाड, पाणी न धरणारी. तिच्याखाली सिहार: पिवळसर, वाळूमिश्रित, हलकी, पण बांध घालून खत दिले तर धानाला उत्तम. त्याखाली मोरांड: काळपट-तपकिरी, चुनखडीचे खडे मिसळलेली. आणि तळाशी कन्हार. छत्तीसगडातही असाच उतार आहे, फक्त नावे निराळी: भाटा, मटासी, डोरसा आणि शेवटी पुन्हा कन्हार. दोन भाषांच्या सीमेवर वरची तीन नावे बदलली आणि तळाचे तेवढे टिकले, ही गंमत भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखी आहे.

ही नावे रंगाची वाटतात, पण प्रत्यक्षात ती पाण्याच्या वागणुकीची आहेत. शेतकरी सिहार ओळखतो तो पाऊस उघडल्यावर किती दिवसांत बांधी वाळते यावरून. कन्हार ओळखतो तो चप्पल चिखलात राहते की पाय, यावरून. कन्हारीत वाफसा दोन-तीन दिवसांपुरता येतो. त्याआधी औत घातले तर ढेकळे लादीसारखी निघतात, त्यानंतर घातले तर फाळ वर उचलला जातो. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात त्या बांध्यांत मुलांना पाठवत नसत. भेगांत गुराचा पाय अडकून मोडल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. आम्ही तुतारीची काठी भेगेत सोडून खोली मोजायचो, आणि काठी मुठीपर्यंत गेली तरी तळ लागत नसे.

आता सरकारी कागदांकडे येऊ. मध्य प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीचे बंदोबस्त झाले. पहिल्या बंदोबस्तात शेतसारा ठरवण्याची रीत ढोबळ होती. १८८०च्या दशकात बॅम्फील्ड फुलर या अधिकाऱ्याने तिला गणिताचे रूप दिले. हाच फुलर पुढे वंगभंगाच्या वेळी पूर्व बंगाल आणि आसामचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी भांडून राजीनामा देऊन परतला. पण आपल्या कामाचा फुलर त्याआधीचा. त्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीला एक अंक दिला. एक एकर अमुक जमीन म्हणजे इतके अंक. गावातल्या सगळ्या एकरांचे अंक मिळवले की गावाची एकूण 'कुवत' निघे, आणि एका अंकामागे किती पैसे घ्यायचे ते ठरवले की सारा निघे. गावागावांची तुलना एका फुटपट्टीने करता येऊ लागली. कल्पना हुशारीची होती, यात शंका नाही.

त्यातही मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. फुलरच्या पद्धतीत नुसती माती मोजत नसत. शेत गव्हाचे की धानाचे की किरकोळ पिकाचे, हे पाहून अंक बदलत असे. उतारावर आहे की सखल, गावाच्या गोहरीत आहे की लांब, यानेही तो बदलत असे. म्हणजे एकच कन्हार दोन जागी दोन किमतींची ठरू शकत होती. शेतकऱ्याच्या नावांतला पाण्याचा आशय या पद्धतीने अर्धामुर्धा का होईना, पकडला होता. त्यासाठी बंदोबस्ताच्या माणसांना शेतकऱ्याचीच नावे वापरावी लागली. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी हे शब्द इंग्रजी लिपीत शिरले ते असे.

पण अंक झाला की नावातले उरलेले हळूहळू गळून पडते. कन्हारीचा अंक सांगतो ती किती देते. ती केव्हा देते आणि केव्हा रुसते हे अंकात बसत नाही. १९५१ साली जमीनदारी आणि मालगुजारी गेली, तेव्हा ज्यासाठी हे अंक काढले होते ते कारणही मागे पडले. आजच्या सातबाऱ्यावर जिरायत-बागायत दिसते, पीक दिसते; आमच्या बांध्या कन्हार आहेत हे कुठेच दिसत नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत बारा गोष्टी मोजलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्ये. उपयोगाची गोष्ट आहे, आमचा रोग तिच्यासारख्याच कागदावरून कळला. पण पाणी किती वेगाने मुरते आणि भेग किती खोल जाते, हे त्या बारांत नाही.

कन्हार भेगाळते का, याचे उत्तर मिळायला विज्ञानालाही बराच काळ लागला. काळी माती कुठून आली यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. दख्खनचा काळा पाषाण झिजून ती झाली असे म्हणावे, तर कॅप्टन न्यूबोल्डसारख्यांनी दाखवून दिले की दक्षिणेत ती ग्रॅनाइटवर आणि इतर खडकांवरही पसरलेली आढळते. तेव्हा ती पाण्याने आणून टाकलेली असावी असा त्यांचा तर्क. गोंदियाच्या वाचकाला हा वाद घरचा वाटावा, कारण आमच्याकडे काळा पाषाण नाहीच. इथला पाया जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचा. तरी तळाला कन्हार आहे. आज याचे उत्तर उतारात शोधतात: वरच्या जमिनीतून पावसाने धुतलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम सखल जागी साचत जाते, आणि अशा साचलेल्या, निचरा मंद असलेल्या जागी फुगणारी चिकणमाती तयार होते किंवा टिकते. बर्डी ते कन्हार हा शेतकऱ्याचा क्रम म्हणजे याच वाटेचे टप्पे.

१८८९च्या अखेरीस डॉ. व्होल्कर हे रसायनतज्ज्ञ भारतात आले, देशभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापला गेला. भारतीय रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीची आहे, काही बाबतींत त्याच्याहून सरस आहे, हे त्यांचे मत पुष्कळदा सांगितले जाते. काळ्या मातीचे रासायनिक घटक त्यांच्या आणि त्यांच्यानंतर लेदर यांच्या कामातून कळले. पण घटक कळून भेग कळत नाही. त्यासाठी क्ष-किरणांची वाट पाहावी लागली. १९३३ साली जर्मनीत हॉफमन, एन्डेल आणि विल्म यांनी मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची रचना मांडली: सिलिकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये अॅल्युमिनाचा एक पापुद्रा, आणि अशा थरांच्या मधल्या फटीत पाणी शिरते, तेव्हा थर एकमेकांपासून सरकतात. पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. १९४० साली नागेलश्मिट, देसाई आणि म्यूर यांनी हैदराबादकडची काळी माती आणि तांबडी माती क्ष-किरणांखाली शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. काळीत याच फुगणाऱ्या कुळातली खनिजे निघाली, तांबडीत न फुगणारी. एकाच पावसात वाढलेल्या दोन शेजारणींचा स्वभाव वेगळा का, हे तेव्हा डोळ्यांना दिसले.

पुढे अशा जमिनींना 'व्हर्टिसॉल' हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'उलटणे'. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात खालचा थर फुगतो पण त्याला जागा उरलेली नसते, म्हणून तो बाजूला आणि वर ढकलला जातो. खड्डा खणला तर तीन-चार फुटांखाली घासून गुळगुळीत झालेले, चकाकणारे तिरपे पृष्ठभाग दिसतात. जमीन स्वतःला नांगरते असे म्हणतात ते यामुळे. पण हे काम ती आपल्या गतीने, वर्षानुवर्षांत करते. खालचा चुना वर येतो तो कणाकणाने. आम्ही तेच दोन दिवसांत केले होते.

सामूचेही इथे सांगून टाकतो. मातीत मोकळा चुना असेल तर सामू साधारण सव्वाआठच्या आसपास जाऊन थांबतो. चुना त्याला तिथे धरून ठेवतो. ही विम्लता तशी निरुपद्रवी, जस्त-लोहाची टंचाई सोडली तर. सामू साडेआठच्या पुढे सरकू लागला तर मात्र संशय सोडियमचा. चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम असते तोवर कण एकमेकांना धरून राहतात. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, पाणी गढूळ होते, छिद्रे बुजतात, आणि जमीन वरून ओली पण आतून कोरडी राहते. मराठीत तिला 'चोपण' म्हणतात. कन्हार आणि चोपण यांच्यात खनिजाचा फरक नसतो. फरक आहे तो कणावर कोण बसले आहे याचा, आणि ते ठरते पाण्याच्या इतिहासावरून.

याचे दोन पुरावे महाराष्ट्रातच आहेत. पहिला नीरेच्या खोऱ्यातला. १८७६-७७च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला. १८८५ साली पाणी सुटले. बारामतीकडच्या कोरड्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला, आणि पंचवीस वर्षांच्या आत शेतांवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारजमिनींवर एक पुस्तिका लिहिली. मान यांचे नाव आपल्याकडे पिंपळे सौदागरच्या खेड्याच्या अभ्यासामुळे लोकांना ठाऊक आहे. ही पुस्तिका त्याच्या सात वर्षे आधीची. कालव्याचे पाणी खारे नव्हते. निचरा नसल्यामुळे जमिनीखालचे पाणी वर चढत गेले, उन्हाने ते उडाले, आणि मातीत आधीपासून विखुरलेले क्षार वर गोळा झाले. १९४०च्या दशकात बसू आणि टगारे यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या या चोपण जमिनींचे स्वरूप आणि त्यांवरचे उपाय सविस्तर मांडले. जिप्सम, निचऱ्याचे चर आणि हिरवळीचे खत हे आजही सांगितले जाणारे उपाय त्याच परंपरेतले. एका पिढीत बागायत झालेली जमीन पुढच्या पिढीत नापीक झाली, ही गोष्ट साखरेच्या यशाच्या कहाणीत सहसा कुणी सांगत नाही.

दुसरा पुरावा पूर्णेच्या खोऱ्यातला. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पसरलेला खारपाण पट्टा. तिथे कालव्याचा दोष नाही. तिथली जमीन आपल्याआपच त्या वाटेने गेली. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेतल्या संशोधकांनी यावर बरेच काम केले. १९९६ साली बालपांडे आणि सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर लिहिलेल्या निबंधातला निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. कमी पावसात मातीतले कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खाली बसत जाते. ते बसले की कणांवर सोडियमचे प्रमाण आपोआप वाढते. आणि सोडियम वाढले की पाणी आणखी कमी मुरते. अमेरिकेच्या १९५४ सालच्या प्रमाणग्रंथात ही धोक्याची रेषा कणांवरच्या सोडियमच्या १५ टक्क्यांवर आखली होती. पूर्णेच्या मातीत ती पाचच्या आसपासच ओलांडली जाते, असे या अभ्यासातून दिसले. परदेशी पुस्तकातल्या मोजमापाने जी जमीन निरोगी ठरली असती, ती अकोल्याच्या शेतकऱ्याच्या अनुभवात केव्हाच आजारी होती.

पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस साधारण सातशे-आठशे मिलिमीटर. गोंदियाकडे तो तेराशेच्या घरात. कन्हार चोपण झाली नाही याचे पहिले श्रेय या पावसाला. पण सगळे श्रेय त्याला देणे चूक होईल. दुसरे श्रेय बांधीला आहे.

बांधी म्हणजे धुऱ्यांनी वेढलेला, सपाट केलेला, पावसाळाभर पाणी उभे राहणारा धानाचा वाफा. तिच्यात मातीचे काय होते याचा उलगडा फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोन्नमपेरुमा या श्रीलंकेतल्या शास्त्रज्ञाने केला. १९७२ साली त्यांचा पाण्याखालच्या मातीच्या रसायनावरचा प्रदीर्घ निबंध आला. पाणी उभे राहिले की मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. सूक्ष्म जीव कर्बवायू सोडत राहतात, तो बाहेर पडू शकत नाही, आणि विम्ल मातीचा सामू खाली येतो. आम्ल मातीत निराळ्या क्रियेने तो वर चढतो. काही आठवड्यांत दोन्ही सातच्या आसपास येऊन मिळतात. साठलेला कर्बवायू चुना विरघळवतो, म्हणजे खाली बसलेले कॅल्शियम पुन्हा पाण्यात येते आणि सोडियमला कणावर जागा मिळत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात जी क्रिया एका दिशेने चालू राहिली, ती बांधी दर पावसाळ्यात उलटी फिरवते. बांधी धानासाठी केली, यात वाद नाही. पण जमीन गोड राखण्याचे काम तिने न बोलता केले.

मात्र बांधी वर्षभर भरलेली नसे, आणि हेही तितकेच महत्त्वाचे. दिवाळीच्या आगेमागे, धान उभे असतानाच, बांधीतले पाणी ओसरू लागले की चिखलात लाखोळी फेकत. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, वखर नाही. धानाच्या धसकटांत लाखोळी आपली आपण उगवते आणि उरलेल्या ओलीवर पिकते. हे सिहारीत जमत नाही, ती लवकर वाळते. कन्हारीत मात्र ओल पुरते, आणि भेग उघडण्याच्या आत लाखोळीचे मूळ खाली गेलेले असते. हवेतला नत्र मातीत येतो तो वेगळाच. नंतर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, तिच्यात हवा शिरते, पावसाळ्याची घुसमट निघून जाते. पहिला पाऊस भेगांतून थेट खोलवर उतरतो, मग भेगा मिटतात, आणि त्यानंतरच बांधीत पाणी उभे राहते. भरणे, ओसरणे, उतेरा, भेग: ही चार ऋतूंची पाळी हेच कन्हारीचे व्यवस्थापन होते. कुणी ते लिहून ठेवले नाही, कारण ते लिहून ठेवण्याची गोष्ट आहे असे कुणाला वाटलेच नाही.

लाखोळीला पुढे वाईट दिवस आले. दुष्काळात महिनोन्महिने फक्त तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून १९६१पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती पुष्कळ वर्षांनी उठली. बंदीमागे कारण होते, पण बंदी घालणाऱ्यांच्या समोर ताट होते, बांधी नव्हती. घरी खायला लोक पेरतच राहिले. लाखोळीला खरा फटका दिला तो उन्हाळी धानाने.

बाघ प्रकल्पाचे कालवे आणि नंतर बोअर आल्यावर दुसरे धान घेणे शक्य झाले. ज्याच्या घरी दोन पिके येतात त्याला एकाच पिकावर थांब म्हणून सांगण्याचा अधिकार मला नाही. उन्हाळी धानाच्या पैशांवर या भागातली पोरे शिकली आहेत. पण कन्हारीच्या दृष्टीने पाहिले तर त्या पाळीतले दोन टप्पे गेले. जमीन वाळत नाही, भेग पडत नाही, वर्षभर चिखल. जस्ताची टंचाई पाण्याखाली राहून आणखी वाढते. काथाच्या रंगाच्या या रोगाला हिंदीत 'खैरा' म्हणतात, आणि त्याचे कारण जस्त हे पंतनगरच्या डॉ. नेने यांनी १९६०च्या दशकात तराईच्या धानात शोधून काढले. म्हणजे आमच्या पट्ट्यातला रोग जगाला आधीच माहीत होता, आम्हालाच नव्हता. कालव्याचे पाणी गोडे आहे. पण बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर ते मातीतल्या कॅल्शियमला चुना करून बसवते आणि मागे सोडियम उरते. तेराशे मिलिमीटर पावसाच्या देशात पूर्णेचे रसायन घरात आणण्याचा हा एक मार्ग आहे. म्हणून मातीबरोबर बोअरचे पाणीही तपासून घ्यावे, असे मी भेटेल त्याला सांगत असतो. लोक ऐकून घेतात.

आमच्या पट्ट्यात आम्ही चिखलणीच्या वेळी झिंक सल्फेट टाकले, त्याआधी धैंचा गाडला. जिप्समची शिफारस एका दुकानदाराने केली होती. ते घेतले नाही, कारण कागदावर सोडियम नव्हते, चुना होता. आणि चुन्यावर जिप्सम टाकून काही साधत नाही. तिसऱ्या वर्षी धान बरे झाले. काढलेले धुरे मात्र परत घालणे सोपे गेले नाही. मोठ्या बांधीत पाणी एका अंगाला गोळा होत होते, दुसऱ्या अंगाला चिखल उघडा पडत होता. शेवटी मधला एक धुरा हातांनी पुन्हा घातला. ते वृद्ध गृहस्थ तोवर गेले होते. धुरा कुठून जात होता हे सांगायला त्यांचा मुलगा आला. त्याने मोजमाप काही घेतले नाही, मातीचा रंग पाहत चालत गेला आणि खुंट्या ठोकत गेला. मी नंतर बंदोबस्ताच्या जुन्या नकाशाच्या नकलेवर ती रेघ ताडून पाहिली. दोन ठिकाणी ती जराशी चुकली होती. त्यातल्या एका ठिकाणी आम्ही नकाशाप्रमाणे धुरा सरकवला आणि पहिल्याच जोराच्या पावसात तो तिथेच फुटला.

चुलतभावाने गेल्या वर्षी उन्हाळी धानाचा विषय पुन्हा काढला. बोलून बोलून असे ठरले की वरच्या सिहार-मोरांडीच्या बांध्यांत त्याने दुसरे धान घ्यावे आणि तळाच्या कन्हारीत लाखोळी टाकावी. त्याला ते फारसे पटलेले नाही, आणि हिशेब मांडला तर तोट्यातही आहे. यंदा मेमध्ये मी तिथे गेलो होतो. खरवडलेला पट्टा अजून लांबून ओळखू येतो. तिथल्या भेगांच्या कडेला चुनखडीचे पांढरे खडे उघडे पडलेले दिसतात. बाकीच्या बांधीत भेगा पूर्वीसारख्याच होत्या. मी तुतारी शोधली, पण आता घरात तुतारी नाही. शेवटी छत्रीची काठी सोडून पाहिली.